लाभ धरून बारा

दसऱ्याच्या दिवशी सकाळी साडेदहा वाजता पाचशे एक रुपयांची पैज लागली. ठिकाण, लातुरातल्या आमच्या गल्लीत आमच्या समोरचं घर. हजर माणसं चार. घरमालक शिवलिंगअप्पा, वय एकाहत्तर. त्यांचा मुलगा महेश, जो पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होता आणि साखरेच्या डब्याला टेकवून उभा केलेला होता. माझी पत्नी सुनीता. आणि पंच म्हणून मी. माझी नोकरी हिशेब तपासण्याची आहे, त्यामुळे गल्लीत आकडा आणि वाद एका जागी आले की मला बोलावणं येतं.

पैजेकडे येण्याआधी अप्पांच्या ओसरीवरच्या पिवळ्या बल्बबद्दल सांगितलं पाहिजे. मी रोज पहाटे पाच वाजता फिरायला निघतो. त्या वेळी समोरचा पिवळा बल्ब आपोआप लागायचा. मग अप्पा धोतर सावरत बाहेर यायचे, बल्बकडे पाहायचे, खिशातून मोबाइल काढायचे आणि बल्ब बंद करायचे. संपलं. त्या उजेडात त्यांनी कधी पेपर वाचला नाही, चप्पल शोधली नाही. लागला की बघायचा आणि मालवायचा.

"अप्पा, हे कशासाठी?" मी एकदा विचारलं.

"टेस्टिंग करायलो," अप्पा म्हणाले.

"रोज?"

"मग? तराजू रोज तपासावा लागतोय. कालचं माप आज चालत न्हाई."

अप्पांनी पस्तीस वर्षं आडतीवर मापाडी म्हणून काम केलं. सोयाबीन, तूर, हरभरा, जे येईल ते मोजलं. त्यामुळे त्यांच्या तोंडी दोनच गोष्टी कायम असतात. "माप पुरं पाहिजे" आणि "तूट चालणार न्हाई". चहाचा कप काठोकाठ भरला नसेल तर ते सुनीतालाही हे ऐकवतात, आणि सुनीता त्यांना मुद्दाम पाऊण कप देते.

मोजणीचीही त्यांची जुनी पद्धत आहे. ते "एक" म्हणत नाहीत. पहिल्या मापाला "लाभ" म्हणतात, मग दोन, तीन, चार. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "एक म्हणू न्हाई, ऑडिटरसाहेब. एक म्हटलं की ते एकटं पडतं. लाभ म्हणावं." मी हे ऐकलं आणि सोडून दिलं. आकड्यांच्या बाबतीत माझी नोकरीभरातली सर्वांत मोठी चूक तीच होती, हे मला नंतर कळलं.

तर पैज. आमच्याकडे नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. त्यामुळे गच्चीवरच्या टाकीत किती पाणी आहे हे माहीत असणं म्हणजे बँकेत किती आहे हे माहीत असण्यासारखं आहे. अप्पा दिवसातून दोनदा लोखंडी शिडी चढून टाकीत डोकवायचे. गेल्या उन्हाळ्यात ते शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून पडले. पाय मुरगळला, बाकी काही नाही. अप्पांच्या पत्नी, आमच्या काकू, जाऊन सहा वर्षं झालेली, घरात अप्पा एकटे. महेशनं धसका घेतला.

"सातव्या पायरीवरून पडला असता तर?" तो फोनवर ओरडत होता.

"सातवरून पडायला आधी सातवर चढावं लागतंय," अप्पा म्हणाले. "मी तिसरीलाच उरकलं."

महेशनं दोन पर्याय ठेवले. पुण्याला त्याच्याकडे कायमचं यायचं, नाहीतर घरात सगळी स्मार्ट उपकरणं बसवायची. अप्पांनी दुसरा पर्याय निवडला, कारण त्यात हलावं लागत नव्हतं. खोकी आली. टाकीतल्या पाण्याची उंची मोबाइलवर दाखवणारा सेन्सर, पंपाचा स्विच, गॅस गळला की बोंबलणारा भोंगा, दारावरचा कॅमेरा, पंख्याचा स्विच, डासांच्या मशीनचा प्लग आणि पाच बल्ब. एकूण अकरा नग. ही सगळी मंडळी वायफायवर चालतात. आणि अप्पांच्या घरात वायफाय चालत नव्हतं.

त्याला कारण भूकंप. अप्पांनी हे घर भूकंपानंतर बांधलं. मिस्त्रीनं सांगितलं त्याच्या दुप्पट लोखंड त्यांनी भिंतींत घातलं. "आता भूकंप आला तरी आतलं कायबी हलणार न्हाई," असं ते तेव्हा सांगत. ते शब्दशः खरं निघालं. समोरच्या खोलीतलं वायफाय समोरच्या खोलीतच राहिलं, तसूभर हललं नाही.

शिवाय अप्पांनी राउटर लोखंडी कपाटात ठेवलेला होता. कुलूप लावून. किल्ली करगोट्याला.

"अप्पा, राउटर कपाटात कोण ठेवतं?" महेशनं विचारलं.

"महिन्याच्या महिन्याला भाडं भरायलो त्याचं. उघड्यावर ठिवू काय?"

दिवसाकाठी चार-पाच उपकरणं मोबाइलवर 'ऑफलाइन' दिसायची. अप्पा पुन्हा शिडी चढू लागले. सुनीतानं महेशला कळवलं. महेश चिडला, आणि दसऱ्याला साखरेच्या डब्याला टेकून त्यानं अटी सांगितल्या. त्या मी लिहून घेतल्या त्या अशा. आजपासून भाऊबीजेपर्यंत, दोन्ही टोकं धरून तेवीस दिवस, रोज दिवेलागणीला मी अप्पांच्या मोबाइलवरची यादी पाहायची. घरातलं एकही उपकरण त्या वेळी बंद दिसता कामा नये. दिवसा बंद पडलं तर चालेल, पण दिवेलागणीच्या आत अप्पांनी स्वतः दुरुस्त करायचं. मेकॅनिक बोलवायचा नाही. अप्पा जिंकले तर महेश पाचशे एक रुपये देणार आणि पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाही. हरले तर अप्पांनी पाचशे एक द्यायचे आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन त्याच्या गाडीत बसायचं.

"कबूल?" महेशनं विचारलं.

"कबूल. पण पुण्याला मी येणार न्हाई, हे आत्ताच लिहून ठिवा, साहेब."

"अप्पा, हरलात तर यावंच लागेल."

"म्हणून तर हरणार न्हाई म्हणायलो की."

त्याच दुपारी अप्पांनी राउटर कपाटातून बाहेर काढला, त्याला हळदीकुंकू आणि आपट्याचं पान वाहिलं, आणि खडू घेतला. मोबाइल हातात धरून ते घरभर फिरले आणि जिथं जितक्या काड्या रेंज दिसली तितका आकडा भिंतीवर खडूनं लिहिला. देवघर तीन. स्वयंपाकघर दोन. जिना दीड.

"अप्पा, दीड काडी नसते," मी म्हणालो.

"कधी हाय, कधी न्हाई. ती अर्धीच झाली की."

 मी वहीत दीड लिहिलं.

मग राउटर नेमका कुठं ठेवायचा, याचा शोध. अप्पांचा तर्क असा की जिथून मारलेली हाक घरभर ऐकू जाते, तिथूनच हवेतलं नेटही घरभर जाणार. त्यांनी सुनीताला गच्चीवर टाकीजवळ उभं केलं, मला मागच्या दारी. स्वतः घरातल्या एकेका जागी उभे राहून हाक मारत, "ओ सूनबाईऽऽ!" ऐकू आलं की आम्ही हात वर करायचा. पण घराच्या आत उभ्या असलेल्या अप्पांना आमचा हात दिसत नव्हता, हे तिघांच्याही लक्षात चौदाव्या हाकेला आलं. तोवर गल्लीतल्या दोन सुना "काय झालं, मामा?" म्हणत धावत येऊन गेल्या होत्या. शेवटी जागा सापडली. जिन्याच्या वळणावर, जिथं भिंत नाही आणि म्हणून लोखंडही नाही. राउटर तिथं खुंटीला टांगला. जिन्यातली दीड काडी गच्चीवर तीन झाली. शास्त्र काय म्हणतं मला माहीत नाही. मी आकडे पाहिले.

तरी मागची खोली कोरडीच. तेव्हा महेशनं मागाहून पाठवलेले दोन जोड-राउटर, जे न उघडता पडून होते, ते आम्ही बाहेर काढले. ते जागोजागी ठेवले की एकमेकांचं नेट पुढं नेतात. अप्पांना हे दोन मिनिटांत समजलं. "हा मोठा कालवा. ह्या दोन चाऱ्या. चारी कालव्याच्या लई लांब खोदली तर तिला पाणी कुठून येणार? ओल हाय तिथूनच पुढं न्यावं लागतंय." आम्ही सगळे जोड-राउटर मागच्या खोलीत, जिथं रेंज नाही तिथं, ठेवायला निघालो होतो. अप्पांनी तो अर्ध्या वाटेवर, तीन काड्यांच्या खुणेवर ठेवला. आणि मागची खोली भिजली.

सगळ्यात मोठी हिकमत पुढची. वायफायच्या दोन जाती असतात, एक दोन पॉइंट चारची आणि एक पाचची. स्मार्ट उपकरणांना बहुधा पहिलीच कळते. हे महेशनं अर्धा तास समजावलं. अप्पा शेवटी म्हणाले, "म्हणजे दोन पॉइंट चार ही बैलगाडी. हळू जाती, पर नांगरटीतूनबी जाती. पाच ही मोटार. रस्ता सोडला की बसली. आन् तुझे बल्ब बैलगाडीतच बसत्यात."

 पलीकडून महेश म्हणाला, "आमच्या ऑफिसात हे असं कुणी सांगितलं नाही."

पहिल्या दिवशी दिवेलागणीला मी वही घेऊन गेलो. अप्पांनी यादी उघडली. सगळ्या नावांपुढं हिरवा ठिपका होता. अप्पा मोबाइल छातीशी धरून उभे राहिले आणि मापाड्याच्या लयीत, स्वर चढवत मोजू लागले, "लाऽऽभ... दोन... तीन..." शेवटी "बारा! माप पुरं!"

मी खोल्यांतून फिरून मोजलं. अकरा.

"अप्पा, नग अकरा आहेत."

"बारा हायती."

मी पुन्हा मोजलं. पाच बल्ब, सहा बाकीचे, अकरा. "तुम्ही बारा कसे म्हणता?"

"लाभ धरून बारा."

मला वाटलं, लाभ म्हणजे देवाचं नाव घ्यावं तसा शकुनाचा उच्चार. तो मोजणीत येत नसणार. मी वहीत लिहिलं, 'नग ११. अप्पांच्या मते १२. फरक पद्धतीचा.' आणि सही केली. यादी मी दुरूनच पाहत होतो, अप्पा मोबाइल हातात देत नसत. ठिपके हिरवे होते, मला तेवढं पुरे होतं. माझ्या कार्यालयात असं कुणी केलं असतं तर मी त्याला मेमो दिला असता.

पहिल्या एकोणीस दिवसांत नोंद करण्यासारखे प्रसंग दोन. नवव्या दिवशी परतीच्या पावसात वीज गेली. अप्पांनी राउटर आधीच इन्व्हर्टरला जोडलेला होता, पण दुसऱ्या चारीला तो पुरत नव्हता. खाडा चौदा मिनिटांचा, दुपारी, म्हणून माफ. चौदाव्या दिवशी टाकीचा सेन्सर, पंप आणि एक बल्ब असं तिन्ही एकदम गेलं. अप्पा तासभर भिंती ठोकत फिरले. शेवटी सापडलं की अप्पांचा मिक्सर मोठा आहे म्हणून सुनीता चकलीची भाजणी दळायला तिथं गेली होती आणि तिनं चारी क्रमांक दोनची पिन काढून मिक्सरची लावली होती. मला वहीत स्वतःच्या बायकोविरुद्ध नोंद करावी लागली. त्या वर्षी मला पहिल्या घाण्यातल्या चकल्या मिळाल्या नाहीत.

पाण्याच्या बाबतीत मात्र अप्पा जिंकत होते. अप्पा अंगणात खुर्चीवर बसून, मोबाइलवर बघून ओरडत, "टाकी साठ टक्के!" शिडीला त्यांनी दोडक्याचा वेल सोडला. गल्लीतली माणसं संध्याकाळी यादी बघायला जमू लागली. 'बारा!' झालं की टाळ्या.

विसावा दिवस नरकचतुर्दशीचा. महेश धनत्रयोदशीलाच आला होता. पहाटे आमच्याकडे अभ्यंगस्नानाची गडबड. पाच वाजून चाळीस मिनिटांनी मी पाणी तापलं का बघायला बाहेर आलो तेव्हा समोर अप्पा ओसरीवर उभे दिसले. अंगाला तेल चोपडलेलं, कमरेला पंचा, हातात मोबाइल. पिवळा बल्ब लागलेला नव्हता. अप्पा त्याच्याकडे बघत होते.

"काय झालं, अप्पा?"

"लाभ न्हाई."

"म्हणजे?"

त्यांनी पहिल्यांदाच मोबाइल माझ्या हातात दिला. यादीत बारा नावं होती. अकरा हिरवी. सर्वांत वरचं लाल. ते नाव होतं, 'आक्का'.

अप्पांची थोरली बहीण, गंगाआक्का, अहमदपूरला राहते. वय शहात्तर. नवऱ्यामागं एकटी. तिच्या देवघराजवळ अप्पांनी एक स्मार्ट प्लग आणि त्याला छोटा दिवा बसवला होता. पहाटे पाचला ती उठली की प्लगवरचं बटण दाबायची. तिच्याकडचा दिवा लागला की लातुरात अप्पांचा पिवळा बल्ब लागायचा. अप्पा उठून तो मोबाइलवरून मालवायचे, की तिकडं तिचाही दिवा मालवायचा. तिला कळायचं, धाकटा उठला. चार महिने हे चाललं होतं. कुणालाच माहीत नव्हतं.

"फोन का नाही करत?" मी विचारलं.

"तिला ऐकू कमी येतंय. आन् फोन केला की म्हणती, मेले का बघायलास व्हय?" अप्पा पंच्यानंच तोंड पुसत म्हणाले. "दिव्याला कुणी असं बोलत न्हाई."

आक्काचं वायफाय वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचं होतं. एक तरुण मास्तर, मूळचा किनवटकडचा. त्याला फोन लावला तर लागेना. तोवर महेश बाहेर आला होता. त्यानं सगळं ऐकलं, यादी पाहिली आणि समजूतदारपणे म्हणाला, "अप्पा, अहमदपूरचा प्लग आपण पैजेत धरतच नाही. अटीत 'घरातलं उपकरण' असं आहे. तुमचे अकरा चालू आहेत."

पंच म्हणून मलाही ते बरोबर वाटलं. "शब्द 'घरातलं' असाच आहे," मी म्हणालो. "तो बाद धरता येईल."

अप्पा माझ्याकडे असे बघू लागले की जणू मी मापात दगड टाकला आहे.

"बाद? माझी बहीण काय परक्या घरची हाय? ते घरातलंच हाय. लिहा साहेब, ऑफलाइन. सांजच्याला चालू न्हाई झालं तर मी हरलो. पुण्याला जातो. पर तिला घराबाहेर लिहू नगा."

मी लिहिलं. माझी जुनी मोटार काढली. महेश म्हणाला, मी येतो, अप्पा म्हणाले, "तू हितंच बस, बल्बासमोर. लागला की कळव. डोळा हलवू नकोस." तेल लावलेल्या अंगावर सदरा चढवून ते माझ्या शेजारी बसले. वाटेत एकदाच बोलले, "जरा दाब की पाय. बैलगाडी हाय का ही?"

अहमदपूरला पोचायला एक तास बत्तीस मिनिटं लागली. आक्का दारातच होत्या. नऊवारी नेसलेल्या, पायात चपला, हातात गाठोडं. अप्पांना बघून गाठोडं खाली ठेवलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "मुडद्या, दिवा काहून मालवला न्हाईस?"

त्यांनी पाचला बटण दाबलं होतं. दिवा लागला होता. पण लातूरहून तो मालवला गेला नाही. साडेपाच झाले, सहा झाले, उजाडलं, दिवा आपला जळतोच आहे. आक्कांनी करंज्या बांधल्या, उटणं बांधलं आणि लातूरची एसटी धरायला निघाल्या. आणखी दहा मिनिटं उशीर झाला असता तर त्या तिकडं आणि आम्ही इकडं.

"मी मेलो का बघायला निघालीस व्हय?" अप्पांनी मोठ्यानं विचारलं.

"सणाच्या दिवशी तोंड सांभाळ," आक्का म्हणाल्या, आणि त्यांच्या मानेला हात लावून ओरडल्या, "आंघोळ केली न्हाईस तू!"

अप्पांना आधी न्हाणीत घालण्यात आलं. उटणं तिथंच सुटलं. तंत्रज्ञान पाऊण तास थांबलं.

बिघाड साधा होता. मास्तर पहाटे चारच्या गाडीनं दिवाळीला गावी गेला होता आणि शिस्तीचा माणूस असल्यामुळे जाताना वरचा मेन स्विच बंद करून खोलीला कुलूप लावून गेला होता. कुलूप तोडायचं नाही, मेकॅनिक बोलवायचा नाही. अप्पा देवघरापुढं मांडी घालून बसले. विचार करून म्हणाले, "प्लगाला मास्तर कुठं माहीत हाय? त्याला मास्तराचं नाव माहीत हाय."

म्हणजे असं. आपल्या मोबाइलचं नेट हॉटस्पॉट करून वाटता येतं. त्याला मास्तरच्या वायफायचंच नाव आणि तोच पासवर्ड दिला, तर प्लगला वाटणार मास्तर परत आला. नाव अप्पांना पाठ होतं, पासवर्डही. ज्या माणसानं पस्तीस वर्षं पोत्यांचे आकडे डोक्यात ठेवले त्याला बारा अक्षरं जड नाहीत.

पहिला प्रयत्न फसला. दुसऱ्यांदा मधली मोकळी जागा राहिली होती. तिसऱ्यांदा मोठं अक्षर लहान पडलं. मी प्रत्येक प्रयत्न वेळेसह लिहीत होतो. आठव्या प्रयत्नापर्यंत दुपारचे साडेतीन वाजले होते. मधे जेवण झालं, पण अप्पांनी अर्धीच पोळी खाल्ली. आक्का मागून म्हणत होत्या, "राहू दे रे, मला दिसतंय की तू जिता हायस." अप्पांना ते ऐकू आलं नाही, किंवा त्यांनी तसं दाखवलं.

तेवढ्यात महेशचा फोन आला. "अप्पा, मी तेच म्हणतोय. दिवा तर इंटरनेटवरून चालतो. तुम्ही पुण्यात असलात तरी आत्याचा दिवा तुम्हाला तिथं दिसेल. मग लातूरच कशाला?"

अप्पांनी मोबाइल मांडीवर ठेवला. आवाज स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकत होतो.

"दिवा कुठूनबी दिसंल रे," ते हळूच म्हणाले. "लागला न्हाई तर किती वेळात पोचतो, ते बघायचं असतंय. लातूरहून दीड तास. आज मोजलं साहेबांनी."

 मग महेशचा वेगळाच आवाज आला, "अप्पा, हॉटस्पॉट पाचवर असेल. सेटिंगात जाऊन—"

"बैलगाडी!" अप्पा ओरडले.

नववा प्रयत्न. चार वाजून दहा मिनिटं. मोबाइलच्या सेटिंगात पाच होतं, ते दोन पॉइंट चार केलं. प्लगवरचा लुकलुकणारा ठिपका थांबला आणि स्थिर झाला. अप्पांनी आक्कांकडे बघितलं. आक्कांनी पहाटेपासून जळणारा दिवा बटण दाबून मालवला, पदर सारखा केला आणि पुन्हा दाबला.

"लागला!" मोबाइलमधून महेश ओरडत होता. "अप्पा, लागला! पिवळा लागला!" त्याच्या मागं सुनीताचा आणि गल्लीतल्या दहा-बारा जणांचा आवाज ऐकू येत होता. कुणीतरी लवंगी फटाक्यांची माळही लावली. दिवेलागणीला अजून दीड तास बाकी होता. मी वहीत तसं लिहिलं.

"काय म्हणतोय पोरगा?" आक्कांनी विचारलं.

"माप पुरं म्हणतोय!" अप्पा त्यांच्या कानाशी ओरडले.

अप्पांनी आपला मोबाइल तिथंच, देवघराजवळ चार्जरला लावून ठेवला. मास्तर येईपर्यंत तोच आक्कांचा राउटर. पुढचे तीन दिवस अप्पा मोबाइलशिवाय फिरले, आणि यादी मी महेशच्या मोबाइलवर अप्पांचं खातं उघडून बघितली. तिन्ही दिवस बारा. पहाटे पिवळा बल्ब लागायचा. अप्पांकडे तो मालवायला मोबाइल नव्हता, म्हणून महेश उठून मालवायचा. सुट्टीत पाच वाजता. आक्कांसाठी वेगळी लाइन घ्यायचा अर्जही त्यानंच भरला.

वहीत मी जुनी नोंद खोडली. 'नग ११' च्या जागी 'नग १२' लिहिलं आणि पहिल्या रकान्यात, जिथं मी नेहमी १ हा आकडा घालतो तिथं, 'लाभ' असं लिहून पुढं 'अहमदपूर' घातलं. खाडाखोडीवर सही केली.

भाऊबीजेला आम्ही महेशच्या गाडीनं अहमदपूरला गेलो. पंच म्हणून मलाही नेलं. दिवेलागणीला यादी पाहून झाली, मग आक्कांनी अप्पांना पाटावर बसवलं, ओवाळलं. महेशनं पाकिटातून पाचशेची नोट आणि एक रुपयाचं नाणं काढून सगळ्यांसमोर अप्पांच्या हातावर ठेवलं. "हरलो," तो म्हणाला, आणि हसत होता. अप्पांनी पाचशे एक जसेच्या तसे ताटात टाकले.

आक्कांनी नोट कनवटीला लावली. मग नाणं उचललं, माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "हे तुमचं. त्या दिवशी गाडी तुम्ही आणलीत."

मी नको म्हणालो. त्यांना ऐकू आलं नाही.

तर शेवटचा हिशेब असा. पाचशे आक्कांना पोचले. लाभ मला.